पाचवी रेघ

नव्या फोनच्या दुकानात सुतारानं चित्र काढायचं पान उघडलं आणि उजवा पंजा काचेवरून ओढला. रेघा उमटल्या पाच. त्याची बोटं मात्र अंगठा धरून चारच. तर्जनी वीस वर्षांपूर्वी करवतीत गेली होती.

“बाबा, ठेवा तो फोन,” लेक कुजबुजली.

“का म्हणून? उभा जन्म करवतीपुढे गेला, आता काचेला भिऊ होय?”

त्यानं हात उचलला. चार रेघा थांबल्या. पाचवी सरपटत कडेला आली, फोनवरून उतरली आणि टेबलावर ओलसर माग सोडत त्याच्याकडे सरकू लागली.

लेकीनं बाही ओढली, पण सुतार हलला नाही. त्यानं पंजा टेबलावर पसरला आणि तुटक्या बोटाचा खुंट पुढे केला.

“ये,” तो म्हणाला. “बघू, अजून मापात बसतंस का.”