डब्यावर आणखी कोण आहे?

पडद्यावरची चकती पुन्हा गरगर फिरू लागली, तसा थोरल्यांनी माऊस टेबलावर आपटला.

"त्याला मारून काय होणार?" बायको आतून म्हणाली.

कालपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्या मेल्या यंत्राने 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' अशी तंबी दिली, बराच वेळ स्वतःशीच खुडबूड केली आणि तेव्हापासून एक पान धड उघडेना. बातम्या अर्ध्यावर लटकत होत्या. हवामान तर येतच नव्हतं. त्याचं थोरल्यांना काही नव्हतं; ऊन आहे की पाऊस, ते खिडकीतूनही दिसतं. त्यांचा जीव अडकला होता बुद्धिबळाच्या पानात.

तिथे रोज सकाळी 'शांत उंट' त्यांची वाट बघत असे. थोरल्यांनी स्वतःला 'जुना हत्ती' असं नाव दिलं होतं. खरं नाव-गाव विचारायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी एवढं कोणी बोललं नव्हतं. म्हणजे बोलणं कसलं, खेळीखाली चार शब्द टंकायचे. पण त्या चार शब्दांसाठी थोरले अंघोळ आटपून, दाढी करून बसत.

आज उंटाने आल्या आल्या लिहिलं होतं, 'उद्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. आज आपला डाव पुरा करू.'

वाचून थोरल्यांनी खुर्ची पुढे ओढली. डाव पुरा करायचाच होता. आणि मुहूर्त बघून नेट झोपलं होतं.

त्यांनी संगणकवाल्याला फोन लावला.

"काका, आधी ब्राउझरमधला साठलेला कचरा काढा," तो म्हणाला.

काढला. चकती फिरतच राहिली.

"आता नेटचा डबा बंद करा. थोडं थांबा, मग चालू करा."

डबा दाराबाहेर जिन्याच्या भिंतीवर होता. थोरले बाहेर गेले. या जिन्याच्या खालच्या अर्ध्या भिंती पिवळ्या होत्या आणि वरच्या निळ्या. रंग कुठला द्यायचा यावरून थोरल्यांचं आणि वर राहणाऱ्या धाकट्या भावाचं वाजलं होतं. दोघांनी आपापला रंग लावून घेतला आणि बोलणं बंद केलं. त्याला सहा वर्षं झाली.

डब्यावरचे दिवे गेले, मग एकेक करत आले. थोरले धावत आत आले. पान रखडत उघडलं. उंटही नुकताच परतला होता.

'माफ करा,' त्याने लिहिलं. 'माझंही नेट आज रडतंय.'

हे अपडेट सगळ्यांच्याच मुळावर उठलेलं दिसतंय, थोरले मनात म्हणाले. त्यांनी घाईघाईने घोडा पुढे काढला. घोडा निघाला आणि मध्येच लटकला.

"अरे, जैसे थे आहे!" ते फोनवर ओरडले.

"तुमच्या मशीनचं अपडेट तर पूर्ण झालंय. त्या डब्यावर आणखी कोण आहे?"

"वरचे आहेत." कनेक्शन अजून वडिलांच्या नावावर होतं. वेगळं करायचं तर दोघांनी एकत्र जाऊन सह्या करायला हव्या होत्या. एकत्र जाणार कोण?

"मग वरच्यांच्या मशीनवर ते अजून उतरत असेल. सगळं नेट तेच ओढतंय. त्यांना म्हणावं, तासभर थांबवा. एका वाक्याचं काम आहे, काका."

एका वाक्याचं! थोरल्यांना घाम फुटला. सहा वर्षं राखलेला अबोला एका अपडेटपायी मोडायचा?

"अहो," बायको हात पुसत बाहेर आली, "वरती आज..."

"वरचं मला काही सांगू नकोस! इथे माझा माणूस उद्या ऑपरेशनला जातोय आणि हा वर बसून माझं नेट पितोय!"

"तेच सांगते आहे, जरा ऐकून तरी..."

"नंतर!" थोरल्यांनी फोन कानाला घट्ट लावला. "डब्याचा पासवर्ड कसा बदलायचा ते सांग."

संगणकवाल्याने सांगितलं. थोरल्यांनी एकेक अक्षर बोटाने दाबून नवा पासवर्ड घातला. डबा क्षणभर विझला, पुन्हा पेटला, आणि काय सांगावं! बातम्या आल्या. हवामान आलं. पट झटकन उघडला आणि घोडा ऐटीत आपल्या घरात जाऊन बसला.

"आता ओढ म्हणावं!" थोरले छताकडे बघून म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांना इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं, 'झालं सुरळीत. या आता.'

उंटाच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला होता.

ते थांबले. 'आहात ना?' असं लिहिलं. पाठोपाठ, 'तब्येत बरी आहे ना?' उत्तर नाही. पटावरचं घड्याळ उंटाचा वेळ खात होतं. थोरल्यांना आधी राग आला, मग भीती वाटू लागली. कुठे शोधायचं या माणसाला? ना नाव ठाऊक, ना घर. त्याला काही झालं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. त्यांनी पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. आता ते विजेसारखं उघडत होतं आणि ठिपका करडाच होता.

जिन्यावर पावलं वाजली. धाकट्याची बायको निळी भिंत संपते त्या पायरीवर थांबली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"भावजी, उद्यापासून हवं तर कायमचं बंद ठेवा," ती म्हणाली, "पण आज पाच मिनिटं तरी नेट द्या. हे ऐकतच नाहीयेत. म्हणतात, कोणी जुना हत्ती आहे, तो बिचारा एकटाच वाट बघत बसला असेल."