आयलीनचे दोन खडे

"एकच उचला हो! एकशे नव्वद मैल तो तुम्हालाच वाहायचाय," फर्गस ओरडला. फर्गस म्हणजे या तांड्याचा म्होरक्या, ताडमाड आणि सदा खुशीत.

इंग्लंडच्या पश्चिमेला, सेंट बीजच्या किनाऱ्यावर अकरा अनोळखी माणसं वाकून खडे शोधत होती. इथला खडा खिशात घालायचा, इंग्लंड आडवं चालून जायचं आणि पंधराव्या दिवशी पूर्वेच्या समुद्रात तो टाकायचा, असा या वाटेचा रिवाज. रॉय हॅलमने हाताला लागला तो उचलला.

एक्केचाळीस वर्षं आगगाडी चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला. कंपनीने घड्याळ दिलं. जन्मभर मिनिटं मोजलेल्या माणसाला घड्याळ! आणि डेपोच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत या वाटचालीचं पैसे भरलेलं आरक्षण आणि एक कार्ड. त्यावर हिरव्या शाईत, डावीकडे कललेल्या अक्षरात एवढंच: 'आता थोडं पायी चाला.' खाली नाव नाही.

मित्रांनी वर्गणी काढली असणार. रॉयने डेपोतल्या फलकावर आभाराची चिठ्ठी लावली. त्यावर कुणी काही बोललं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. भेट कुणी दिली हे विचारायचं म्हणजे सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

"मी आयलीन सग्डन," शेजारची बाई म्हणाली. तिच्या हातात दोन खडे होते. "एक माझा, एक निकीचा. माझा मुलगा. आम्ही दोघं ही वाट चालणार होतो. राहून गेलं."

ते नाव रॉयला पाठ होतं.

अकरा वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा निकी सग्डन सायकल घेऊन बंद फाटकाखालून रुळांवर आला होता. रॉयने ब्रेक ओढला होता. गाडी थांबायला अर्धा मैल लागला. चौकशीत रॉयचा दोष नाही असं ठरलं. ही बाई पहिल्या रांगेत बसली होती. तिच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलावेत म्हणून तो उठला, तर कंपनीच्या वकिलाने दंड धरून त्याला खाली बसवलं. ते दोन शब्द तेव्हापासून घशात अडकलेले होते.

तेव्हा त्याला दाढी होती. आता नव्हती.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"रॉय. पोस्टात होतो," तो म्हणाला आणि खोटं बोलून मोकळा झाला.

मोकळा कसला! पुढचे दिवस त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती पुढे असली की तो मागे रेंगाळायचा, ती मागे राहिली की हा झपाझप पुढे. तळ्यांचा मुलूख संपला, पावसाने बूट भिजले, टाचांना फोड आले. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगून टाकायचं. रोज संध्याकाळी बिअरचा ग्लास संपायचा आणि सांगायचं राहायचं.

"अहो रॉय, इतकी वर्षं पोस्टात होतात," एकदा जेवताना ती म्हणाली, "आणि कुत्रं चावल्याची एकही गोष्ट नाही?"

सगळे हसले.

"आमच्याकडची कुत्री गरीब होती," तो म्हणाला. त्याचं पुडिंग तसंच राहिलं.

"खा हो. अजून बरंच चालायचंय," तिने ताटली त्याच्याकडे सरकवली.

तेराव्या दिवशी माळरानाखालच्या एका गावात रेल्वेचं फाटक लागलं. हौशी लोकांसाठी चालवलेली वाफेची जुनी गाडी येत होती. घंटा वाजली, फाटक बंद झालं. रॉयचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि हवेतच काहीतरी घट्ट धरून राहिला. गाडी धडधडत गेली. त्याचे डोळे मिटलेले होते.

कुणीतरी त्याची बाही धरली होती.

"गेली हो गाडी," आयलीन म्हणाली. "कुणी नव्हतं रुळावर. चला."

शेवटच्या दिवशी रॉबिन हूड्स बे या पूर्व किनाऱ्यावरच्या गावाचा उतार उतरून सगळे थेट पाण्यात गेले. फर्गसने शिट्टी मारली, खडे भिरकावले गेले. रॉय आयलीनपाशी गेला. आता नाही तर कधीच नाही.

"आयलीन, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी..."

"आधी हा टाका," तिने दुसरा खडा त्याच्या तळहातावर ठेवला. "माझा खांदा दुखतोय. लांब जाऊ दे चांगला."

"हा तर निकीचा."

"हो. म्हणूनच म्हणते, लांब टाका."

त्याने सगळी ताकद लावून टाकला. खडा कुठे पडला ते दिसलं नाही, कारण त्याला भडभडून आलं होतं. ती शेजारी उभी राहिली, मग हलकेच त्याची पाठ थोपटून पबकडे निघाली. सांगायचं ते पुन्हा राहिलं. आपण भित्रे ते भित्रेच, असं त्याला वाटलं.

तो उशिराने आत गेला. वाट पुरी करणाऱ्याने सही करायची जाडजूड वही तिथे उघडी होती. आयलीन खिडकीपाशी चहा पीत होती. समोर दुसरा कप भरून ठेवलेला होता.

"करा सही," फर्गस म्हणाला. "तुमचीच तेवढी राहिलीय."

रॉयने खिशातलं पेन काढलं आणि तो वाकला. शेवटची ओळ अजून ओली होती. हिरवी शाई, डावीकडे कललेलं अक्षर: 'आयलीन सग्डन. आणि निकीच्या जागी रॉय हॅलम, इंजिन ड्रायव्हर.'