दादाची अंगठी

लहानपणी ती पोहण्याच्या तलावात बुडी मारून बसली, की दादा लोखंडी शिडीवर अंगठी वाजवायचा. टण् टण्! म्हणजे, "पुरे झालं बये, वर ये!" दादाला जाऊनही आता वर्षं लोटली.

काल स्कूबाच्या पहिल्या कोर्सची शेवटची बुडी. अगदी तळाशी तिला तीच टणटण ऐकू आली. इतकं बरं वाटलं, की पूर्वीसारखी हट्टाने ती आणखी थोडा वेळ खालीच थांबली.

"मग, पुढचा कोर्स करताय ना?" आज किनाऱ्यावर ती दोरीवर सूट वाळत घालत असताना सरांनी विचारलं. "अजून खोल जाता येईल."

करावा की नको, तिचं ठरेना.

टण् टण्. टण् टण् टण्. या वेळी घाईघाईने.

"आले रे, आले!" ती सवयीने म्हणाली, आणि तिचा हात दोरीवरच थबकला.

ती तर कालच वर आली होती.