दिवेलागणीचे थेंब

अंतराळस्थानकात ज्योत पेटवायला बंदी होती, म्हणून केतकी रोज संध्याकाळी देवासमोर प्रकाशनळी वाकवायची. आतली काचेची कुपी फुटून दोन द्रव मिसळले, की हिरवा उजेड पडायचा. आज मात्र नळीच फाटली. थेंब आणि काचेचे कण खोलीभर तरंगू लागले.

"आई, ओजसचे डोळे झाका!" हातमोजे चढवत केतकी ओरडली आणि तिने केर ओढायचं यंत्र उचललं.

गेल्याच आठवड्यात पृथ्वीवरून आलेल्या सासूबाईंनी नातवाला उराशी धरलं. "अगं, दिवेलागणीला केर काढतात का? लक्ष्मी निघून जाते."

"काच आहे ती, आई!"

"मग निदान खोलीतला दिवा मालव. बारके थेंब अंधारातच दिसतील."

ते तिला पटलं. तिने दिवा मालवला. शेकडो हिरवे ठिपके संथपणे एकाच दिशेने सरकत होते. खोलीतली हवा नेहमी पंख्याच्या जाळीकडे जायची, त्यामुळे थेंबही तिकडेच जायला हवे होते. पण ते ओजसच्या पाळण्यामागच्या भिंतीकडे निघाले होते. तिथल्या सांध्यापाशी पोचून, पलीकडून कुणी ओढून घेतल्यासारखे, एकेक नाहीसे होत होते.

"पलीकडे कुणाची खोली आहे गं?" सासूबाईंनी विचारलं.

केतकीने ओजसला त्यांच्याकडून ओढूनच घेतलं.

"त्या भिंतीपलीकडे काहीच नाही, आई. हवासुद्धा नाही."