हात खाली!

धरणगावच्या अलीकडच्या त्या खेड्यात अजून वीज आली नव्हती. खैरनार गुरुजींनी सेलला तारा लावून टॉर्चचा बल्ब पेटवून दाखवला, तर दिवेलागण झाल्यासारखे अख्ख्या वर्गाने हात जोडले.

"हात खाली! हा देव नाही, करंट आहे करंट," गुरुजी पहिल्या रांगेतल्या मंजुळेवर खेकसले.

पुढे गुरुजींची नोकरी कायम करायची की नाही, हे बघायला तपासणीचे साहेब आले आणि नेमका बल्ब पेटेचना. घामाघूम गुरुजींनी तारांची टोकं दोन्ही हातांनी सेलवर दाबून धरली, तेव्हा कुठे तो एकदाचा लागला. गुरुजींनी डोळे मिटले आणि तारा सोडून भक्तिभावाने हात जोडले.



"हात खाली करा, गुरुजी," मंजुळा म्हणाली, "देव गया!"