वाढव

"बाबा, डिस्क फुल दाखवतंय म्हणजे फुलच असणार. तिच्यावर चिडून काय होणार?" नोएडाहून ध्रुव फोनवर हसत होता.

रमाकांत चिडलेलेच होते. बायकोची, दुर्गाची, शेवटची एकच कॅसेट उरली होती, आणि नेमकी आजच जागा संपावी! ध्रुव होस्टेलला असताना दुर्गा त्याला कॅसेटवर बोलून पाठवायची. दाना ओली या त्यांच्या गल्लीतली भांडणं, कोणाकडे काय शिजलं, मधूनच एखादी शिंक. ती गेल्यापासून रमाकांत त्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर चढवत होते. फिती इतक्या जुन्या की एकदा वाजल्या की तुटायच्या. तुटेनात का, आवाज तर आत गेला!

रोज दिवेलागणीला ते त्यातलं थोडं लावायचे आणि तिला उत्तरं द्यायचे. दुसरं बोलायला घरात होतं कोण?

"मी दुपारी इथूनच बघतो," ध्रुव म्हणाला. "पासवर्ड आहे ना माझ्याकडे."

"बघ. पण आईचं काही उडवलंस तर याद राख."

"उडवतो कशाला? तुमच्याच कमांडी वापरीन. टेन्शन मत लो."

"मग हरकत नाही."

त्या कमांडींचा रमाकांतना भारी अभिमान. नोकरीपासूनच काळ्या पडद्यावर टाइप करून कामं उरकायची सवय. एकदा तिथेच बोट चुकलं आणि ध्रुवच्या लग्नाचे सगळे फोटो साफ! दुर्गा रडून रडून आजारी पडायची बाकी होती.

"अहो, केरसुद्धा आपण आधी डब्यात भरतो," ती म्हणाली होती. "तुमचं मशीन काय थेट गच्चीवरून फेकतं?"

रमाकांत वरमले. त्यांनी लगेच नवी कमांड लिहिली. फाइल मिटवायची नाही, नुसती उचलून कचरापेटीत ठेवायची. मन बदललं तर परत काढायची. नाव ठेवताना दुर्गा शेजारीच बसली होती. 'मिटव', 'पूस' ऐकून तिने कानांवर हात ठेवले. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारी बाई ती. मग कमांडीचं नाव पडलं 'वाढव'.

आज सकाळी रमाकांतनी जुनी बिलं, वर्तमानपत्रांची कात्रणं, कधी न उघडलेली पुस्तकं, सगळं वाढवलं होतं. तरी जागा होती तेवढीच. केर डब्यात गेला तरी घरातच असतो. आता पेटी रिकामी करायला हवी होती, आणि त्याबाबत दुर्गाचा नियम पक्का होता. उपाशीपोटी पेटी ओतायची नाही, तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर नसतं.

ते मुकाट्याने उठले. दाल बाजारातून तूरडाळ आणली. तिथल्या माणसाने "अकेले के लिए इतनी?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना उगाच भरून आलं. घरी येऊन वरण-भात केला, पोटभर जेवले, जरा पडले. उठल्यावर चहा घेतला. डोकं अगदी शांत झालं. मग त्यांनी पेटी ओतली.

चांगला वेळ लागला. निम्मी डिस्क मोकळी! कात्रणं इतकी जड असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बघ गं, पाय पसरून बसशील आता," ते मोठ्याने म्हणाले.

त्यांनी शेवटची कॅसेट टेपमध्ये घातली, वायर जोडली. तेवढ्यात फोन वाजला.

"काय बाबा, जागा झाली का?"

"झाली तर! भरपूर झाली. तुझ्या आईच्या नियमाने चाललो ना."

"होणारच! मी दुपारी आत शिरलो होतो," ध्रुव खुशीत म्हणाला. "सोचा, एका कॅसेटपुरती जागा कशाला, कायमचीच करून टाकू. ती तुमची कमांड दिसली, तीच चालवली. आईचं अख्खं फोल्डर वाढवलं."