दर्दी गिऱ्हाईक

"अभिजात सिनेमाचा भाव कधी उतरत नाही," असं चारुदत्तकाका जाईल तिथे ठणकावून सांगत. राळेगावच्या आठवडी बाजारात मात्र, त्यांनी फौजदार रंगवलेल्या त्यांच्या एकुलत्या एक सिनेमाची सीडी दीडशेवरून दहा रुपयांवर आली होती.

तोंड लपवून ते निघणार, तोच तांड्यावरच्या रामीबाईनं घासाघीस न करता सगळा ढीगच उचलला. काकांची छाती फुगली. "बाई, यातला फौजदार मीच!" म्हणत त्यांनी सही द्यायला पेनही काढलं.

रामीबाईनं हात जोडले.

"साहेब, सही छापील बाजूनं करा बरं. जवारीत टांगाच्या हायेत, चमक गेली तं पाखरं भेत नाईत."